सोनोग्राफी नॉर्मल आली, मग लिव्हरची सूज कळणार कशी?

परळ-दादरच्या कुठल्याही डायग्नोस्टिक सेंटरबाहेर थोडा वेळ थांबा, "सोनोग्राफी नॉर्मल आली, सुटलो बाबा" हे कानावर पडतंच. पण ज्यांच्या अंगात हिपॅटायटिस बी किंवा सी वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून आहे त्यांनी एवढ्यावर निर्धास्त होऊ नये, कारण साध्या सोनोग्राफीत लिव्हरची सूज बहुतेक वेळा दिसतच नाही. व्हायरस पेशींच्या आत, त्याला मारायला आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी तिथे जमतात आणि त्या मारामारीत लिव्हरच्या पेशी मरतात, हा सगळा प्रकार मायक्रोस्कोपखालचा, काळ्या-करड्या चित्रात कुठून दिसणार! फार तर लिव्हरच्या मुखाशी असलेल्या लसिका गाठी (लिम्फ नोड्स) वाढलेल्या दिसतात. आणि प्लीहा मोठी, लिव्हरची कड खडबडीत असं काही दिसायला लागलं तर तोवर बरंच काही होऊन गेलेलं असतं.

म्हणून आता फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी टेस्ट, करायला सांगतात. उताणं झोपायचं, उजवा हात डोक्याखाली, बरगड्यांच्या फटीत जेल लावून प्रोब टेकवतात आणि आतून हलकी टिचकी बसल्यासारखं वाटतं. ती 50 हर्ट्झची लहर लिव्हरमधून पुढे सरकते आणि अल्ट्रासाउंड तिचा वेग टिपतो, लिव्हर जेवढं कडक तेवढी लहर जोरात. सेकंदाला 1 मीटर वेग असेल तर कडकपणा साधारण 3 किलोपास्कल (कडकपणा मोजायचं एकक), 2 मीटर असेल तर 12, म्हणजे वेग दुप्पट तर आकडा चौपट. अशी निदान 10 रीडिंग घेऊन मधला आकडा रिपोर्टवर येतो.

खरी मेख इथेच आहे. लिव्हर कडक होतं ते जुन्या व्रणांमुळे, तसंच ताज्या सुजेमुळेही, आणि मशीनला हे दोन वेगळे करता येत नाहीत. हिपॅटायटिस बी अचानक भडकून एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) खूप वर गेलेला असताना टेस्ट केली तर आकडा थेट सिरॉसिससारखा, म्हणजे लिव्हर व्रणांनी पार भरून गेल्यासारखा, येऊ शकतो, घरचे हादरतात, आणि सूज ओसरल्यावर तोच आकडा खाली येतो. पोटभर खाऊन गेलात तरी लिव्हरकडे रक्त जास्त जातं आणि आकडा फुगतो, म्हणून निदान 3 तास पोट रिकामं हवं, स्टेशनवरचा वडापाव नंतर. त्यामुळे आकडा एसजीपीटीच्या सोबतच वाचायचा, माझं तर म्हणणं आहे की दोन्ही रिपोर्ट एकाच फाईलला लावूनच डॉक्टरांसमोर बसा.

लहरीची फ्रिक्वेन्सी बदलली की तिचा वेग किती बदलतो हे मोजून सूज वेगळी ओळखायचा प्रयत्नही चालू आहे, पण ते अजून रोजच्या वापरातलं नाही. बायोप्सीत, म्हणजे सुईने लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासला की, सूज थेट दिसते, मात्र तो तुकडा अख्ख्या लिव्हरचा साधारण 50,000वा भाग, आणि सुई टोचावी लागते ती वेगळीच.

हिपॅटायटिस सीची औषधं सरकारी कार्यक्रमात 2018 पासून फुकट मिळतात, कोर्स संपला की फायब्रोस्कॅनचा आकडा बऱ्याचदा झपकन उतरतो, तो सुरुवातीला मुख्यतः सूज गेल्यामुळे, व्रण एवढ्या लवकर जात नाहीत. सिरॉसिस झालेला असेल तर व्हायरस गेल्यावरही कॅन्सरसाठीची दर 6 महिन्यांची साधी सोनोग्राफी चालूच ठेवायची असते.