दाव्याचा खर्च : हुकूमनाम्याच्या तळाशी राहिलेला प्रश्न

दिवाणी दाव्याचा हुकूमनामा, म्हणजे निकालाचा औपचारिक आदेश, हाती आला की पक्षकार आधी बघतो, दावा मंजूर की नामंजूर. शेवटी एक छोटा तक्ता असतो, त्याकडे लक्ष नंतर जातं. दाव्यावरचा मुद्रांक, वकीलपत्रावरचा मुद्रांक, वकिलाची फी, साक्षीदारांचा भत्ता, समन्स बजावणीचा खर्च. एकीकडे वादीचा, दुसरीकडे प्रतिवादीचा. वर्षानुवर्षं तारखांना हजर राहिलेल्या माणसाला ती बेरीज वाचून धक्काच बसतो. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, वकिलाला प्रत्यक्षात मोजलेले पैसे, यातलं फारच थोडं तिथं उतरलेलं असतं.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ३५ तसं स्पष्ट आहे. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा. न्यायालयाला तसं करायचं नसेल तर कारणं लेखी नोंदवावीत. व्यवहारात मात्र ‘खर्च ज्याचा त्याने सोसावा’ या एका ओळीवर विषय संपतो. खोट्या दाव्यांसाठी १९२२ मध्ये कलम ३५अ आलं, भरपाईची कमाल मर्यादा १,००० रुपये. १९७६ च्या दुरुस्तीने ती ३,००० केली. त्याच दुरुस्तीतल्या ३५ब मुळे तारखा लांबवणाऱ्याकडून त्या-त्या दिवसाचा खर्च वसूल करण्याची सोय झाली.

मग खर्चाचा निर्णय रेंगाळतो कुठे? मधल्या अर्जांवर बहुधा ‘खर्च दाव्याच्या निकालाप्रमाणे’ असा हुकूम होतो आणि प्रश्न शेवटच्या दिवसावर जातो. तो दिवस उजाडेपर्यंत जुनी बिलं हरवलेली असतात, रुपयाची किंमत घसरलेली असते. त्यावर अपील होऊन स्थगिती मिळाली, तर पुन्हा थांबा. पैसे मिळाले नाहीत तर नवी दरखास्त, म्हणजे वसुलीसाठी वेगळा अर्ज. न्यायाधीशांनाच सगळा दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. दर दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत, असं कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने १९८७ मध्येच सांगितलं होतं. आजही निम्मा पल्ला गाठलेला नाही आणि जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणं पडून आहेत. एवढ्या ओझ्याखाली खर्चाचा हिशेब तपासायला वेळ कुठून येणार?

२००५ मध्ये सेलम अॅडव्होकेट बार असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खर्च वास्तव आणि वाजवी हवा. त्यात प्रवास, मुक्काम आणि गेलेला वेळही धरावा. २०११ च्या संजीव कुमार जैन प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने लावलेला सुमारे ४५ लाखांचा खर्च सर्वोच्च न्यायालयाने टिकू दिला नाही, कारण नियमांना त्याचा आधार नव्हता. पण ३५अ ची मर्यादा एक लाखापर्यंत वाढवावी, असंही तिथंच सुचवलं. २०१२ मध्ये विधी आयोगाचा २४० वा अहवाल याच विषयावर आला.

२०१५ च्या व्यावसायिक न्यायालय कायद्याने व्यापारी वादांपुरती ३५अ ची ही मर्यादा काढून टाकली. भावांच्या वाटणीचा आणि शेताच्या बांधाचा दावा मात्र अजून त्या तीन हजारांतच अडकलेला आहे.