करवत माशाला नायलॉन भोवलं

करवत मासा दिसतो मुशीसारखा (मुशी म्हणजे शार्क), पण जात चपट्या पाकटाची (रे माशाची). उलटा करून पाहिलं की कळतं: तोंड आणि श्वासाच्या चिरा, दोन्ही पोटाकडे. पुढे लांब चपटा सोंडा, त्याच्या दोन्ही कडांना दाते. गढूळ पाण्यातल्या भक्ष्याच्या अंगातली सूक्ष्म वीज या सोंड्याला जाणवते, आणि त्याच्याच एका फटक्यात मासा गारद होतो. जगात याच्या पाच जाती. मोठ्या जातीचा मासा सहा मीटरच्याही वर जातो. आज पाचही जाती नामशेष होण्याच्या काठावर आहेत.

माणसाला या करवतीचं आकर्षण जुनंच. मेक्सिकोतल्या प्राचीन ॲझ्टेक लोकांनी ती देवळाच्या पायात पुरली, तैवानच्या मंदिरांत ती अंगात येणाऱ्यांच्या हाती असते, पेरू-इक्वादोरकडे तिचे दाते झुंजीच्या कोंबड्यांच्या पायांना बांधत. पश्चिम आफ्रिकेतल्या आठ देशांच्या सामाईक नोटांवर आजही करवत मासा छापलेला असतो. त्यांच्या किनाऱ्यावरून मात्र तो जवळपास गेलाच.

पण हौसेपायी एवढा ऱ्हास झाला नसता. विसाव्या शतकाच्या मध्यावर नायलॉनची जाळी आली. सुताचं जाळं कुजायचं, जोर लावला की फाटायचं. नायलॉन तसं नाही. दात्यांमध्ये जाळ्याचा एक आस (भोक) गुंतला की मासा झटके देतो आणि प्रत्येक झटक्यासरशी आणखी गुरफटतो. मागोमाग ट्रॉलर आले, माशांच्या परांना (कल्ल्यांना नव्हे, पोहायच्या पंखांना) सूपच्या बाजारात चढा भाव आला. निकाराग्वाच्या गोड्या पाण्याच्या सरोवरात 1970च्या दशकात यांची धंदेवाईक मासेमारी जोरात झाली आणि 1980च्या दशकाच्या सुरुवातीलाच ती कोसळली. मासा वयात यायला बरीच वर्षं घेतो, थेट पिल्लांनाच जन्म देतो आणि तीही थोडीच. भर कुठून पडणार? पिल्लं वाढतात खाड्या-नद्यांच्या मुखाशी, तिवरांच्या आडोशाला. भराव घालायला माणसाला नेमकी तीच जागा सोयीची वाटते.

आपल्याकडे जुलै 2001 मध्ये केंद्रानं सगळ्याच मुशी-पाकटांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत टाकलं. मच्छीमारांनी विरोध केला. तो अगदीच अनाठायी नव्हता, कारण मोरीवर (खायच्या लहान मुशीवर) कित्येक घरं चालतात. डिसेंबरमध्ये यादी दहा जातींवर आली. त्यात करवत मासे राहिले, म्हणजे पकडणं आणि विकणं दोन्ही गुन्हा. तरी मार्च 2021 मध्ये कर्नाटकातल्या मालपे बंदरात सुमारे दहा फुटी करवत मासा उतरला आणि त्याचा लिलावही झाला.

माझ्या मते कायद्याची खरी परीक्षा बंदरात होत नाही, होडीवर होते. असा मासा जिवंत सोडायचा तर जाळं कापावं लागतं आणि फटकारणाऱ्या करवतीपासून हातपायही वाचवावे लागतात. जाळ्याचे पैसे कोण देणार, हा तांडेलाचा, म्हणजे होडीच्या प्रमुखाचा, पहिला प्रश्न. महाराष्ट्रानं डिसेंबर 2018 मध्ये त्याला उत्तर दिलं: संरक्षित प्राणी सोडताना जाळं फाटलं तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो. या योजनेतून कासवं, देवमुशी (व्हेल शार्क) सुटल्या. करवत माशासाठी दावा करायचा, तर आधी तो जाळ्यात दिसायला हवा.