वाळवंट म्हणजे बारा महिने भट्टी?

‘वाळवंटात सुट्टीला जाताय? स्वेटर घरीच ठेवा, तिथे कायम उकाडा,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. जुलैत तो खराही आहे; कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जमध्ये तेव्हा पारा सहज ४० अंशांपुढे जातो. पण जानेवारीत? दुपारी जेमतेम २१-२२, पहाटे ७-८! कोरड्या, निरभ्र हवेत जमिनीची ऊब रात्री भराभर निसटते. वर ढगांची गोधडी नसते ना. पडताळायचं तर महिनावार कमाल-किमान तापमान शेजारीशेजारी पाहा, नुसती वार्षिक सरासरी फसवते. पाम स्प्रिंग्जमधली १९५०च्या दशकाच्या धाटणीची बसकी, काचेच्या भिंतींची घरं हिवाळ्यातच गजबजतात, ती या सौम्य दुपारींमुळेच. तेव्हा दुपारी पोहून १९६३पासूनच्या रोपवेनं डोंगरावर गेलात, तर दहा मिनिटांत पायाखाली बर्फही लागू शकतो.