यर्मुकची तारीख आणि खालिद यांची बडतर्फी

सातव्या शतकातले अरब मुस्लिम सेनापती खालिद इब्न अल-वलीद यांना खलिफा उमर यांनी यर्मुकच्या ऐन लढाईत सेनापतिपदावरून काढले, ही गोष्ट बहुतेकांच्या कानावर आलेली असते. तिचा निवाडा करण्याआधी सीरियात अरब आणि रोमन (बायझंटाइन) सैन्यांत झालेली यर्मुकची लढाई कधी झाली ते ठरवावे लागते. सगळा घोळ तिथेच आहे.

इतिहासकार तबरी (मृत्यू 923) एकाच घटनेचे वेगवेगळे वृत्तान्त, सांगणाऱ्यांच्या नावांसह, शेजारी शेजारी ठेवतो. त्यातला एक निवेदक सैफ इब्न उमर यर्मुक हिजरी 13 मध्ये, म्हणजे 634 साली धरतो. त्याच्या वृत्तान्तात उमर यांच्या आधीचे खलिफा अबू बक्र वारल्याचे पत्र रणांगणावर येते आणि सैन्यात गडबड होऊ नये म्हणून खालिद ते भात्यात ठेवतात. इब्न इसहाक आणि वाकिदी हे जुने इतिहासकार मात्र हिजरी 15, म्हणजे 636 सांगतात. हे खरे असेल तर खलिफा बदलून दोन वर्षे झालेली होती, सरसेनापती अबू उबैदा होते आणि भात्यातल्या पत्राला जागाच उरत नाही.

पाश्चात्त्य अभ्यासक एकोणिसाव्या शतकातच 636 कडे झुकले. डच विद्वान दे गुये आणि जर्मन वेलहाउझेन यांनी सैफचा कालक्रम नाकारला. शिवाय शुभवर्तमानाच्या एका सिरियाक हस्तलिखिताच्या कोऱ्या पानावर पुसट ओळी सापडल्या. त्यांत यर्मुकच्या परिसरातल्या गबिथा इथल्या रोमनांच्या पराभवाची नोंद आहे, आणि तिथली 20 ऑगस्ट ही तारीख 636 शी जुळते. इतक्या जवळच्या काळातली, तीही बाहेरची नोंद फार मोलाची.

इराकहून सीरियाकडे खालिद यांनी केलेल्या वाळवंटी कूचचेही असेच आहे. वाटाड्या राफी याने वीस थोराड सांडण्या मागितल्या. त्यांना आधी तहानेले ठेवून मग पोटभर पाणी पाजले आणि रवंथ करू नये म्हणून तोंडे बांधली. पुढे रोज चार कापून कोठ्यातले पाणी घोड्यांना दिले. अडचण अशी की उंटाच्या कोठ्यात स्वच्छ पाणी साठून राहत नाही. तिथे चाऱ्यात कालवलेला रस असतो, आणि प्यालेले पाणी लवकरच अंगात मुरते. म्हणून ही युक्ती मोजक्या घोड्यांपुरतीच चालली असती. नवव्या शतकातल्या इतिहासकार बलाझुरीने दिलेला आकडा, 500 ते 800 माणसे, त्याला साजेसा वाटतो. वाट दूमत-अल-जंदल या मरुद्यानावरून गेली की तदमूरवरून (पाल्मायरा), यावर एकमत नाही.

जर्मन अभ्यासक आल्ब्रेख्त नोथ यांनी दाखवले की लढायांच्या वर्णनांत ठरावीक प्रसंग पुन्हा पुन्हा येतात. त्यामुळे सेनापतीचा स्वभाव अशा प्रसंगांवरून ठरवणे धोक्याचे आहे. फ्रेड डॉनर यांनी 1981 मध्ये मदीनेतून चालणाऱ्या केंद्रीय नियंत्रणावर भर दिला, आणि मला तो धागा जास्त भक्कम वाटतो. कारण बडतर्फी एकदा नाही, दोनदा झाली. पहिल्यांदा सरसेनापतिपद गेले, तरी खालिद लढत राहिले. दुसरी हिजरी 17 मध्ये, उत्तर सीरियातल्या किन्नसरीनला. खालिद यांनी अशअस या सरदाराला दिलेले 10,000 दिरहम कुठून आले, हा तिथला प्रश्न. उमर यांच्या हुकमावरून बिलाल यांनी खालिद यांचेच पागोटे सोडून त्यांना बांधले आणि सर्वांसमक्ष हिशेब मागितला, असे वृत्तान्त सांगतो.