झाड निवडावं सावली मोजून

मे महिन्यात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसच्या कुठल्याही नर्सरीत जा, कुंडीतला निळा स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष मोहात पाडतोच. कमरेएवढी उंची, सुयांवर रुपेरी निळी झाक. अंगणात, दिवाणखान्याच्या खिडकीसमोर शोभेल असं वाटतं आणि लोक तिथेच लावतात. माझा जीव कळवळतो तो इथे. हे झाड 50-60 फूट सहज वाढतं आणि तळाशी 15-20 फूट पसरतं.

थंड प्रदेशात झाड घेताना लोक झोन बघतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नकाशात असे 13 झोन आहेत. वर्षातलं सर्वांत कमी तापमान तीस वर्षांत सरासरी किती उतरलं, यावरून ते ठरतात. मिनेसोटाचा बराच भाग झोन 3 आणि 4 मध्ये मोडतो. झोन 4 म्हणजे साधारण उणे 29 ते उणे 34 अंश सेल्सियस. झाड तिथे जगेल का, एवढंच झोन सांगतो. ते तुमच्या अंगणात मावेल का, हा हिशोब आपला आपणच करायचा.

या हिशोबात सूर्याची उंची सर्वांत महत्त्वाची. मिनियापोलिस 45 अक्षांशावर आहे. 21 डिसेंबरला भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेएकवीस अंश वर येतो. त्या वेळी 40 फुटी झाडाची सावली 100 फूट लांब पडते. पुण्यात त्याच दिवशी, तेवढ्याच झाडाची सावली सुमारे 36 फूट असते. आपण सावलीसाठी झाड लावणारी माणसं, त्यामुळे हा फरक पटकन ध्यानात येत नाही. घराच्या दक्षिणेला सदाहरित स्प्रूस उभा राहिला, की ऐन हिवाळ्यात खिडकीतलं ऊन जातं आणि दारातल्या वाटेवरचा बर्फ दिवसेंदिवस वितळत नाही. तोच स्प्रूस वायव्येला, घरापासून लांब लावा. बोचरा वारा अडवायला त्याच्यासारखा सोबती नाही.

दक्षिणेला जागा कमी असेल तर सर्व्हिसबेरी किंवा क्रॅबॲपल घ्यावं. दोन्ही पानझडी आणि 15 ते 25 फुटांतली, त्यामुळे विजेच्या तारांखालीही बहुधा चालतात. सर्व्हिसबेरीची जांभळी फळं माणसांना आवडतात, पण रॉबिन पक्षी बहुतेक वेळा आधी पोचतात! क्रॅबॲपलची साल कोवळेपणी पातळ असते. हिवाळ्यात दुपारच्या उन्हाने नैऋत्येकडची साल तापते, सूर्य मावळताच गोठते आणि तिथल्या पेशी मरतात. म्हणून पहिले काही हिवाळे खोडाला पांढरट पट्टी गुंडाळावी आणि वसंतात आठवणीने काढावी.

अंगण खरंच मोठं असेल तर पश्चिमेला बर ओक लावा. 60 ते 80 फूट उंची आणि जवळपास तेवढाच घेर. त्याला ऐसपैस जागा हवीच. त्याच्या खोडातल्या जलवाहिन्या रुंद असतात. गोठताना त्यांत हवेचे बुडबुडे अडकतात आणि बहुतेक जुन्या वाहिन्या निकामी होतात. दर वसंतात नव्या वाहिन्यांचं कडं तयार झाल्यावरच पाणी नीट वर चढतं, म्हणून बर्च हिरवागार झाला तरी ओक उघडाच दिसतो. नवखा मालक झाड मेलं समजून घाबरतो. पण मेच्या गारठ्यात त्या उघड्या फांद्यांमधून दुपारचं ऊन थेट घरात येत असतं.