बीटलची चॅसी, दुसऱ्याची बॉडी: ओळख पटवण्याच्या वादाची पार्श्वभूमी

१९३५ च्या ओपेल ओलिंपियापासून जर्मनीत बॉडी आणि चॅसी (इंजिन-चाके पेलणारा खालचा सांगाडा) एकजीव बनवण्याची रीत रुळत गेली. गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे वरचा पत्रा ठोकून देणाऱ्या लहान कारखान्यांचा धंदा तिथेच आटायला लागला. युद्धानंतर त्यांना आणखी दहा-बारा वर्षे मिळाली ती मुख्यतः फोक्सवागनच्या बीटल या गाडीमुळे. तिची बॉडी तळाच्या प्लॅटफॉर्मवर नुसती बोल्टांनी बसवलेली असते: दोन्ही कडांना ८ मिलिमीटरचे बोल्ट, पुढच्या ॲक्सलवर आणि मागच्या शॉक ॲब्सॉर्बरपाशी १० मिलिमीटरचे मोजके. ते काढले, स्टिअरिंगचा दांडा, वायरिंग आणि ब्रेक-पेट्रोलच्या नळ्या सोडवल्या की बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. खाली इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांसकट पूर्ण यंत्र उरते. लहान कारखानदाराला यापेक्षा सोयीचा पाया मिळणे अवघड होते.

पहिले मोठे नाव व्यूल्फ्राटच्या हेबम्युलरचे. १९४९ साली त्यांच्या दोन आसनी उघड्या गाडीला वोल्फ्सबुर्गच्या फोक्सवागन कारखान्याची मान्यता मिळाली आणि दोन हजार गाड्यांची मागणीही नोंदवली गेली. २३ जुलै १९४९ रोजी हेबम्युलरच्या कारखान्याला आग लागली. उत्पादन पुन्हा सुरू झाले, पण पैशाची घडी बसली नाही आणि १९५२ मध्ये दिवाळे निघाले. एकूण आकडा साधारणतः ६९६ धरला जातो. शेवटच्या थोड्या गाड्या ओस्नाब्र्युकला कारमान या बॉडी कारखान्याकडे पुऱ्या झाल्या. श्टुटगार्टचे डाननहाउअर उंड श्टाउस, वुपरटालचे ड्रेव्स आणि बर्लिनचे रोमेच यांची संख्या याहून कितीतरी कमी. रोमेचचे काम १९६१ पर्यंत चालले. बर्लिनची भिंत उभी राहिली आणि पूर्व बर्लिनहून येणारे कारागीर पलीकडेच अडकले.

अशा गाडीची ओळख पटवण्याचा सगळा गुंता एका फरकातून निघतो. हेबम्युलरला चॅसी थेट फोक्सवागनच्या कारखान्यातून, ठरवून मिळत होती. बाकीच्या बहुतेकांना ती सोय नव्हती. दुकानातून अख्खी बीटल विकत घ्यायची, तिची बॉडी उतरवून विकून टाकायची आणि मोकळ्या प्लॅटफॉर्मवर आपली बसवायची, असा हा द्राविडी प्राणायाम होता. काही गिऱ्हाइके तर आपली वापरलेली बीटलच घेऊन येत. म्हणून फोक्सवागनच्या नोंदीत अशी गाडी साधी सेदान (बंद छताची नेहमीची बीटल) म्हणून दिसते. मागच्या सीटखाली, प्लॅटफॉर्मच्या मधोमध जाणाऱ्या उंचवट्यावर (बोगद्यावर) ठोकलेला चॅसी नंबर १९५१ चा आणि बॉडी १९५५ ची, यात गैर काहीच नाही. उलट वर्षे तंतोतंत जुळत असतील तर कागद जरा जास्त काळजीपूर्वक वाचावेत.

यातून शब्दांची ओढाताण सुरू झाली. जर्मन कागदपत्रांत ‘उमबाउ’ म्हणजे नंतर केलेला बदल, आणि ‘झोंडरकारोसेरी’ म्हणजे स्वतंत्रपणे बांधलेली खास बॉडी. व्यवहारात एकाच गाडीला दोन्ही शब्द लागतात. सेदानची बॉडी उतरवली म्हणून ती उमबाउ. वरचे सगळे नव्याने बांधले म्हणून झोंडरकारोसेरी. विकणारा दुसरा शब्द वापरतो, किंमत पाडून मागणारा पहिला. मराठीत आपण दोन्हींना ‘बॉडी बदललेली’ म्हणून मोकळे होतो आणि अपघातानंतर दुसऱ्या बीटलची बॉडी चढवलेली गाडीही त्याच टोपलीत टाकतो. ती तिथे नको.

१९९७ मध्ये जर्मनीत जुन्या गाड्यांसाठी करसवलतीची ‘एच’ नंबरप्लेट आली आणि हा शब्दच्छल पैशाचा प्रश्न बनला. गाडी किमान ३० वर्षांची हवी, हे सोपे होते. अडले ते बदलांपाशी. तपासणीच्या नियमांत पहिल्या नोंदणीनंतरच्या दहा वर्षांतला, त्या काळाला धरून असलेला बदल चालतो. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय ओळखपत्रातही ‘त्या काळात बदललेली’ असा वेगळा वर्ग आहे आणि ‘प्रतिकृती’ असा दुसरा. म्हणजे १९५१ च्या चॅसीवर १९५५ साली चढलेली बॉडी नियमात बसते, पण गाडी कोणत्या साली बनली याचे उत्तर त्यातून मिळत नाही. नोंदणी १९५१ म्हणते. शर्यतीच्या आणि विक्रीच्या याद्या सोयीचे वर्ष घेतात. आमच्या मते बॉडीचेच वर्ष लिहावे आणि चॅसीचे शेजारी द्यावे, कारण गाडी दुर्मीळ ठरते ती बॉडीमुळे. उलट मत असणारेही कमी नाहीत आणि कायद्याचा कागद त्यांच्या बाजूने आहे.

किमती चढल्या तशा नकलाही वाढल्या. सर्वाधिक हेबम्युलरच्या, कारण तिचा पुढचा भाग सेदानचाच असतो. छत कापायचे, मागे पुढच्या बॉनेटसारखे दिसणारे झाकण घडवायचे, दुरंगी रंग द्यायचा, काम झाले. म्हणून तपासणी बाहेरून सुरू करू नये.

आधी चॅसीचे वय ठरवावे. ऑक्टोबर १९५२ पूर्वीची चाके १६ इंची, नंतरची १५ इंची. इंजिन ११३१ घनसेंटिमीटर आणि २५ अश्वशक्तीचे असेल तर १९५३ अखेरच्या आधीचे. ११९२ आणि ३० चे असेल तर नंतरचे. सुरुवातीच्या गाड्यांचे ब्रेक तारेचे. मात्र मालकांनी वर्षानुवर्षे सुधारणा केलेल्या असतात, त्यामुळे एका खुणेवर विसंबू नये. स्पीडोमीटर उतरवून त्याच्या मागचा महिना-वर्षाचा शिक्का आणि रिमवर ठोकलेली तारीखही पाहावी.

मग नंबर. बोगद्यावरचे आकडे आणि पुढच्या सामानकप्प्यातली पट्टी जुळली तरी रिव्हेट पाहावेत. बॉडी बदलताना पट्टी नव्या पत्र्यावर हलवली जाई, त्यामुळे जुन्याच काळातले दुसऱ्यांदा मारलेले रिव्हेट शंकास्पद नसतात. आकड्यांभोवती ग्राइंडरचे ओरखडे किंवा चौकोनी वेल्डिंगची रेघ मात्र गंभीर.

दारांचे व झाकणांचे अस्तर, बिजागऱ्या आणि सीटखालचा पत्रा उघडून आतल्या बाजूला ठोकलेला किंवा रंगाने लिहिलेला एकच कामाचा क्रमांक शोधावा. हाताने बसवलेले भाग एकमेकांना अदलाबदल करता येत नसत, म्हणून लहान कारखाने असे क्रमांक घालत. डावी-उजवी बाजू काही मिलिमीटरने वेगळी भरते, आणि ते चांगले लक्षण आहे. जोडांवर शिसे आणि गॅस वेल्डिंगचा रुंद, काळपट पट्टा सापडला तर काम जुने. मिग या विजेवरच्या वेल्डिंगची अरुंद, उंच रेघ म्हणजे पुष्कळ नंतरचे काम. ते दुरुस्तीचे असू शकते, पण छताच्या खांबाच्या बुडाशी दिसले तर सेदान कापलेली असण्याची शक्यता मोठी.

‘केळे’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या रोमेचचा पत्रा ॲल्युमिनियमचा. लोहचुंबक धरून पाहावे. जिथे चिकटेल तिथे एक तर नंतर लोखंडी तुकडा बसवलेला असतो किंवा आतला आधार असतो. रंगाची जाडी मोजायला साधे चुंबकी यंत्र ॲल्युमिनियमवर चालत नाही, एडी करंटचे (धातूत उठणाऱ्या विजेच्या भोवऱ्यांवर चालणारे) लागते. लोखंडी प्लॅटफॉर्मला ॲल्युमिनियम टेकते तिथे ओल साठून पांढरी भुकटी धरते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. कडेचे बोल्ट काढण्याआधी हा भाग सुईने टोचून पाहावा, नाहीतर बॉडी उचलताना कडा तिथेच फाटतात.

पोर्शसारख्या दिसणाऱ्या कूपेपाशी (दोन दारांच्या, बंद छताच्या गाडीपाशी) टेप काढायला विसरू नये. पोर्श ३५६ च्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २१०० मिलिमीटर, बीटलच्या प्लॅटफॉर्मचे २४००. मधलाच आकडा आला तर प्लॅटफॉर्म कापून आखूड केलेला आहे. तो कुठे जोडला ते बोगद्याच्या खालून पाहावे, कारण वरून गालिचा झाकतो.