पाठीवरचे ‘ली’

दोहाचा तो गोल बहुतेकांनी पाहिलेला आहे, म्हणून तो पुन्हा सांगत बसत नाही. 29 जानेवारी 2011, फुटबॉलच्या आशिया चषकाची अंतिम लढत, 109वे मिनिट, बदली खेळाडूची डाव्या पायाची व्हॉली, म्हणजे हवेतच मारलेला चेंडू. जपान 1, ऑस्ट्रेलिया 0. त्या खेळाडूच्या, तादानारी लीच्या, पाठीवर रोमन अक्षरांत ‘ली’ लिहिलेले होते. हे टिपण त्या कोरियन आडनावाबद्दल आहे.

जुना इतिहास थोडक्यात. 1910 मध्ये जपानने कोरिया गिळला आणि कोरियन माणूस जपानी सम्राटाचा प्रजाजन झाला. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये स्वीडनला हरवणाऱ्या जपानी संघात एक कोरियन होताच. 1940 पासून कोरियनांना जपानी धाटणीची नावे घ्यायला लावली गेली. महायुद्ध संपल्यावर बरेच जण मायदेशी परतले, काही लाख मागे राहिले. त्यांना ‘झाइनिची’ म्हणतात, म्हणजे ‘जपानमध्ये राहणारे’. चौथी पिढी आली तरी शब्द तोच, जणू उद्या सकाळी सामान बांधून निघायचे आहे.

खरा गुंता आहे तो ‘चोसेन’ या शब्दाचा. 1947 मध्ये जपानने या लोकांची परदेशी म्हणून नोंद सुरू केली, तेव्हा राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘चोसेन’, म्हणजे नुसते कोरिया, असे लिहिले. दक्षिण आणि उत्तर अशी दोन सरकारे स्थापन झाली त्याच्या पुढच्या वर्षी. 1952 मध्ये महायुद्धानंतरचा शांतता करार लागू झाला आणि उरलेसुरले जपानी नागरिकत्वही गेले. 1965 मध्ये टोकियो आणि सोल यांच्यात करार झाला, तेव्हा दक्षिण कोरियाचे नागरिकत्व घेणाऱ्यांना कायम वास्तव्याचा हक्क मिळाला. बाकीच्यांच्या कागदावर ‘चोसेन’ तसेच राहिले. याचा अर्थ ‘उत्तर कोरियाचा नागरिक’ असा सर्रास लावला जातो, आणि तो चूक आहे. जपानने उत्तर कोरियाला मान्यताच दिलेली नाही, मग त्याचा नागरिक म्हणून कुणाची नोंद करणार? पण मुलांना कोरियन शिकवणाऱ्या बऱ्याच शाळा उत्तरेकडे झुकलेल्या संघटनेच्या, त्यामुळे समज पक्का होत गेला. नागोयात जन्मलेला, कागदोपत्री दक्षिण कोरियाचा असलेला एक स्ट्रायकर 2010 च्या विश्वचषकात उत्तर कोरियाकडून खेळला आणि राष्ट्रगीताच्या वेळी ढसाढसा रडला, तो याच शाळांतून शिकलेला.

तादानारी लीचा जन्म 1985 चा, टोकियोतला. प्राथमिक शिक्षण अशाच एका कोरियन शाळेत, पुढचे जपानी शाळेत. पासपोर्ट दक्षिण कोरियाचा. 2004 मध्ये त्याला दक्षिण कोरियाच्या 19 वर्षांखालील संघाच्या शिबिराला बोलावणे आले. गेला तो आपल्या माणसांत जातोय असे समजून. तिथे कानावर आला ‘बान-चोकबारी’ हा शब्द. चोकबारी ही जपान्यांना हासडायची शिवी. जपानी मोजा अंगठ्यापाशी दुभंगलेला असतो, म्हणून ‘फाटलेल्या खुराचा’. बान म्हणजे अर्धा. पूर्ण शिवीही त्याच्या वाट्याला आली नाही. संघात निवड झाली नाही ती नाहीच.

2007 मध्ये त्याने जपानी नागरिकत्व घेतले. याचीच चर्चा जास्त होते. कुणी फितुरी म्हटले, कुणी ऑलिंपिकसाठीची सोय. माझ्या मते नावाबद्दलचा त्याचा निर्णय नागरिकत्वापेक्षा मोठा होता. रोजच्या व्यवहारात जपानी नाव आणि घरात कोरियन, ही झाइनिची कुटुंबांची जुनी रीत. वर्गात, दुकानाच्या पाटीवर, भाड्याच्या घराच्या करारावर जपानी नाव असले की प्रश्न कमी येतात. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत तर नागरिकत्व मागणाऱ्याने जपानी धाटणीचेच नाव घ्यावे असा कचेऱ्यांचा आग्रह असे. आधी तसे नाव घेतलेल्या एका माणसाला 1987 मध्ये क्योतोच्या न्यायालयाने मूळ कोरियन नाव परत घेऊ दिले, तीही मोठी बातमी ठरली होती. लीने चित्रलिपीतली तिन्ही अक्षरे तशीच ठेवली. आडनावाचे अक्षर म्हणजे वर ‘झाड’ आणि खाली ‘मूल’. पुढची दोन अक्षरे कोरियनमध्ये ‘चुंगसंग’ अशी वाचतात, जपानीत ‘तादानारी’. म्हणजे लिहायला तेच, वाचायला वेगळे. तडजोड म्हणा हवे तर. पण ‘ली’ हे आडनाव ऐकले की समोरच्या जपान्याला लगेच कळते, आणि ते कळावे हीच तर त्याची इच्छा होती.

त्यानंतरचे सगळे वेगाने घडले. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ली जपानच्या संघात होता, पण जपान गटातले तिन्ही सामने हरला. 2011 मध्ये दोहा, आणि त्याच ऑगस्टमध्ये साप्पोरोला दक्षिण कोरियाविरुद्ध तो सुरुवातीपासून मैदानात होता. जपान 3-0 ने जिंकला. 2012 च्या जानेवारीत इंग्लंडमधला साउदॅम्प्टन क्लब गाठला, पण पायाच्या दुखापतीने तिथला जम मोडला. 2014 च्या हंगामात तो जपानच्या उरावा क्लबात आला.

आणि त्याच हंगामात, 8 मार्चला, उरावाच्या घरच्या, सायतामाच्या मैदानात त्याच्या कट्टर समर्थकांच्या स्टँडच्या प्रवेशद्वारावर इंग्रजी फलक लागला: ‘जॅपनीज ओन्ली’. सामना संपेपर्यंत तो कुणी काढला नाही. परदेशी पर्यटक आमच्या स्टँडमध्ये नकोत एवढाच हेतू होता, असा खुलासा नंतर झाला. तो पटवून घेणे अवघड आहे. शिक्षा म्हणून 23 मार्चचा सामना रिकाम्या स्टेडियममध्ये खेळवला गेला. जपानी लीगमध्ये असे पहिल्यांदाच घडत होते. निकाल 1-1, बरोबरी.

15 ऑक्टोबर 2016, तेच मैदान, लीग चषकाची अंतिम लढत. उरावा एका गोलने मागे. ली बदली म्हणून उतरला आणि उतरताच डोक्याने बरोबरी साधून दिली. उरावाने पेनल्टींवर चषक जिंकला आणि सामन्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून त्याच स्टँडसमोर त्याचे आडनाव पुकारले गेले.